शाळेने हिरावलेली मुले : कॅनडातील निवासी शाळांचा धडा



मुलगा असो वा मुलगी, त्यांना शाळेत घातलेच पाहिजे, ही गोष्ट आज तुमच्या घरात कोणाला पटवून द्यावी लागत नाही. पोटाला चिमटा घेऊ, पण पोरांना शिकवू, असा निर्धार आपल्या आयाबायांनी केला आणि तो पाळलाही. ज्यांना वर्गाच्या बाहेर, पोत्याच्या तुकड्यावर बसून अक्षरे गिरवावी लागली, त्यांच्या नातवंडांनी विद्यापीठे गाठली. त्यामुळे शाळा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुक्तीचे दार उभे राहते.

या पाठात मात्र आपण वेगळ्या प्रकारच्या शाळांची माहिती करून घेणार आहोत. या शाळांच्या दारातून आत गेलेले मूल बाहेर पडे तेव्हा आपल्याच आईला परके झालेले असे. कित्येक मुले तर बाहेर पडलीच नाहीत. हे सारे श्रीमंत आणि सुसंस्कृत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॅनडा देशात घडले. एक-दोन वर्षे नव्हे, तर शंभर वर्षांहून अधिक काळ, सरकारच्या पैशाने, कायद्याच्या आधाराने आणि धर्माच्या नावाने घडले.

शिक्षण चांगले, यात वाद नाही. पण शिक्षण देणारा त्याच्या मोबदल्यात मुलाकडून काय मागतो, हा प्रश्न आईबापांनी विचारलाच पाहिजे. कॅनडातील आईबापांना तो विचारू दिला गेला नाही. त्याची किंमत त्यांच्या चार-पाच पिढ्यांनी मोजली. ती कशी, हे आता क्रमाने पाहू.

१. हे लोक कोण आणि या शाळा कशा निघाल्या?

युरोपातून गोरे लोक येण्यापूर्वी हजारो वर्षे कॅनडाच्या भूमीवर अनेक जनसमूह राहत होते. क्री, ओजिब्वे, मोहॉक, ब्लॅकफूट, डेने ही त्यांतील काहींची नावे. अगदी उत्तरेच्या बर्फाळ भागात इन्युइट लोक आहेत. युरोपीय आणि मूळ रहिवासी यांच्या संबंधांतून निर्माण झालेला मेटी नावाचाही एक समाज आहे. या सर्वांची भाषा एक नाही, रीत एक नाही. आजही तेथे सत्तरच्या आसपास मूळ भाषा मोजल्या जातात. गोऱ्यांनी मात्र यांतील बहुतेकांना सरसकट 'इंडियन' म्हटले. आपल्या देशाचे हे नाव कोलंबसाच्या चुकीमुळे त्यांना चिकटले, आणि १८७६ साली त्यांच्यासाठी झालेल्या कायद्यालाही 'इंडियन अ‍ॅक्ट' हेच नाव पडले. या कायद्याने तेथील कर्त्यासवरत्या माणसांना सरकारचे जणू पाल्य करून टाकले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. हे लोक शिक्षणाच्या विरोधात होते म्हणून सरकारला सक्ती करावी लागली, असे मुळीच नाही. १८७१ पासून सरकारने त्यांच्याशी जमिनीबाबत जे करार केले, त्यांपैकी अनेकांत त्यांच्या वस्त्यांत शाळा देण्याचे वचन होते. बदलत्या जगात आपल्या मुलांना लिहिता-वाचता आले पाहिजे, हे त्यांच्या पुढाऱ्यांनी ओळखले होते. त्यांनी मागितली होती गावातली शाळा. त्यांच्या पदरात पडली ती मुलाला गावापासून तोडणारी शाळा.

मिशनऱ्यांच्या काही निवासी शाळा आधीपासून होत्या. ऑन्टॅरिओ प्रांतात ब्रँटफर्ड येथे मोहॉक इन्स्टिट्यूट नावाच्या शाळेने १८३०च्या दशकातच मुले ठेवून घेण्यास सुरुवात केली होती. १८७९ मध्ये सरकारने निकोलस फ्लड डेव्हिन यांना अमेरिकेतील अशा शाळा पाहण्यास पाठविले आणि त्यांनी त्या पद्धतीची शिफारस केली. १८८३ मध्ये पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनल्ड यांनी संसदेत आपली भूमिका मांडली. वस्तीत आईबापांजवळ राहून शिकलेले मूल लिहावयास-वाचावयास शिकेल, पण रानटीच राहील, म्हणून त्याला आईबापांच्या प्रभावापासून दूर नेले पाहिजे, असा तिचा आशय होता. म्हणजे मुलाचे अज्ञान घालवावे हा हेतू दुय्यम होता. मुलाचे आईबाप हाच त्याच्यातील दोष मानला गेला आणि तो दूर करण्याचे ठरले.

पैसा सरकारने द्यावयाचा आणि कारभार चर्चने पाहावयाचा, अशी वाटणी झाली. कॅथॉलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन पंथांनी या शाळा चालविल्या. १९२० मध्ये कायदा दुरुस्त करून ७ ते १५ वयाच्या मुलांना शाळेत पाठविण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारने घेतला. मूल न देणाऱ्या आईबापांना शिक्षेची तरतूद झाली. या खात्याचे प्रमुख अधिकारी डंकन कॅम्पबेल स्कॉट यांनी त्या वेळी आपले उद्दिष्ट लपविले नाही. वेगळा 'इंडियन' म्हणून एकही माणूस देशात उरू नये, सगळे गोऱ्या समाजात विरून जावेत, म्हणजे प्रश्नच संपेल, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने पुढे मान्य केलेल्या यादीत अशा १३९ शाळा होत्या, आणि सुमारे दीड लाख मुले त्यांतून गेली. शेवटच्या शाळा १९९०च्या दशकाच्या अखेरीस बंद झाल्या. तेव्हा ही फार जुनी कथा आहे, असे समजू नका. या शाळांत बालपण गेलेली हजारो माणसे आजही हयात आहेत.

२. मुलाची ओळख कशी पुसली गेली?

माणसाची ओळख एका घावात तुटत नाही. ती एकेक धागा करून उसवली जाते. या शाळांनी तेच केले.

*नाव.* मूल शाळेत आले की त्याचे घरचे नाव बाजूला पडे आणि त्याला इंग्रजी किंवा फ्रेंच ख्रिस्ती नाव मिळे. अनेक शाळांत त्याला एक क्रमांकही मिळे. तो कपड्यांवर लिहिला जाई, आणि हाक मारतानाही क्रमांकच वापरला जाई. म्हातारपणी आपली कैफियत सांगताना कित्येकांना तो आकडा तोंडपाठ होता.

*केस आणि वस्त्रे.* मुलामुलींच्या लांब वेण्या पहिल्याच दिवशी कापल्या जात. त्यांच्यापैकी अनेक समूहांत केस कापणे ही घरातील माणूस वारल्याची, सुतकाची खूण होती. त्या लहानग्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करून पाहा. घरून आलेले कपडे काढून घेतले जात. कॅनडा सरकारच्या या खात्याच्या १८९६च्या अहवालात थॉमस मूर नावाच्या मुलाची दोन छायाचित्रे छापली आहेत. एकात तो शाळेत येण्यापूर्वीचा म्हणून दाखविला आहे. त्यात त्याच्या लांब वेण्या आहेत, अंगावर त्याच्या लोकांचा पेहराव आहे आणि हातात पिस्तूल दिले आहे. दुसऱ्यात रेजायना येथील शाळेत 'सुधारलेला' थॉमस केस कापून, शाळेचा पोशाख घालून, फुलझाडाच्या कुंडीशेजारी उभा आहे. रानटी मुलाचा सभ्य मुलगा झाला, हे लोकांना पटावे म्हणून ही चित्रे मांडली गेली. एवढ्याशा पोराच्या हाती पिस्तूल देऊन त्याला रानटी ठरविणारे कोण, हा प्रश्न मात्र त्या चित्राखाली कोणी छापला नाही.

*भाषा.* आपल्या भाषेत बोललेल्या मुलाला मार बसे, उपाशी ठेवले जाई, चारचौघांत अपमान केला जाई. भाषा गेली म्हणजे नुसते शब्द जात नाहीत. क्री भाषेचे उदाहरण घ्या. त्या भाषेत नुसते 'आजी' असे म्हणताच येत नाही. 'नोहकोम' म्हणजे माझी आजी, 'कोहकोम' म्हणजे तुझी आजी. कोणाची तरी असल्याशिवाय आजी हा शब्दच तयार होत नाही. आपल्या मराठीत मावशी निराळी आणि आत्या निराळी, तशीच ती क्री भाषेतही निराळी. वडिलांच्या बहिणीला जो शब्द आहे तोच तेथे सासूलाही लावतात. आपल्याकडेही सासूला 'आत्याबाई' म्हणण्याची रीत होतीच. इंग्रजीत मावशी आणि आत्या या दोघींना एकच 'आंट'. ज्या मुलाच्या तोंडून ही भाषा काढून घेतली, त्याच्या मनातून नात्यांचा सारा नकाशाच काढून घेतला.

*नाती.* मुले आणि मुली यांची राहण्याची सोय वेगळी होती. सख्खा भाऊ आणि सख्खी बहीण एकाच शाळेत असूनही त्यांना एकमेकांशी बोलता येत नसे. जेवणाच्या खोलीत लांबून नजरानजर होई, तेवढेच. पत्रे इंग्रजीत लिहावी लागत आणि शाळेचे लोक ती वाचून मगच पाठवीत. ज्या आईला इंग्रजी येत नाही, तिला असे पत्र मिळून काय उपयोग?

*रीतीभाती.* १८८४ मध्ये कायदा दुरुस्त करून पश्चिम किनाऱ्यावरील लोकांचा 'पॉटलॅच' हा दानसमारंभ गुन्हा ठरविण्यात आला. ही बंदी १९५१ पर्यंत राहिली. बाहेर कायदा बंदी घाली आणि आत शाळा शिकवी की, तुझे आईबाप सैतानाच्या मार्गाने चालले आहेत.

*आणि शिक्षण?* एवढे सगळे गमावून विद्या तरी मिळाली का? बहुतेक शाळांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस काम अशी पद्धत होती. मुलांनी शेत कसावे, गुरे सांभाळावी, लाकडे फोडावी. मुलींनी कपडे धुवावे, शिवणकाम करावे, स्वयंपाक करावा. शाळेचा खर्च मुलांच्या श्रमावर भागविला जाई. कित्येक मुले वर्षानुवर्षे राहूनही खालच्याच इयत्तेत बाहेर पडली. आईही गेली आणि अक्षरही धड मिळाले नाही.

या शाळांत शारीरिक आणि लैंगिक अत्याचारही मोठ्या प्रमाणावर झाले. पुढे नुकसानभरपाईची व्यवस्था झाली तेव्हा अशा अत्याचारांबद्दल ३८ हजारांच्या आसपास दावे दाखल झाले. चांगले शिक्षक नव्हतेच, असे नाही. आपल्याला येथे चांगले शिकायला मिळाले, असेही काही माजी विद्यार्थ्यांनी सांगितले आहे. परंतु मुळात व्यवस्थाच अन्यायाची असली, की तिच्यातील चांगला माणूस फार तर जखमेवर फुंकर घालू शकतो.

३. जी मुले परतली नाहीत

डॉ. पीटर ब्राइस हे याच सरकारी खात्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. १९०७ मध्ये त्यांनी पश्चिमेकडील शाळांची पाहणी केली. कोंदट खोल्या, अपुरा आहार, क्षयाने आजारी मुले निरोगी मुलांच्या शेजारी झोपविलेली, असे दृश्य त्यांना दिसले. ज्या १,५३७ मुलांची माहिती मिळाली, त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा मरण पावला होता. एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत तर हे प्रमाण शेकडा ६९ होते. त्यांनी उपाय सुचविले. सरकारने ते बासनात गुंडाळून ठेवले. सेवेतून बाहेर पडल्यावर १९२२ मध्ये त्यांनी एक पुस्तिका काढली आणि या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा म्हटले. सत्य सांगणारा माणूस होता. पण ऐकणारे कान नव्हते.

पुढे १९६६ च्या ऑक्टोबर महिन्यात केनोरा येथील शाळेतून चेनी वेन्जॅक नावाचा १२ वर्षांचा ओजिब्वे मुलगा पळाला. त्याचे गाव ओगोकी पोस्ट तेथून सुमारे ६०० किलोमीटर दूर. गाव किती लांब आहे, याची कल्पना तरी त्याला होती की नाही कोण जाणे. अंगावर पातळ कपडे, बाहेर बर्फाळ वारा. रेल्वेच्या रुळांच्या कडेने तो चालत राहिला आणि रुळांशेजारीच थंडीने व उपासमारीने मेला. शाळेच्या कागदोपत्री त्याचे नाव 'चार्ली' होते. पुढच्या वर्षी त्याच्या मृत्यूवर एका मोठ्या मासिकात लेख आला, त्यातही चार्लीच छापले गेले. घरच्या ओढीने प्राण देणाऱ्या मुलाला त्याचे खरे नाव मरणानंतरही लवकर परत मिळाले नाही.

या शाळांत मरण पावलेल्या मुलांच्या अधिकृत स्मरणनोंदीत आजवर ४,१०० हून अधिक नावे आली आहेत. २०२१ मध्ये कॅम्लूप्स येथील जुन्या शाळेच्या आवारात रडारच्या साहाय्याने सुमारे २०० संभाव्य कबरींच्या खुणा आढळल्याची बातमी जगभर गेली. जमिनीखालच्या या खुणा संभाव्य आहेत. पण नोंदीतील मृत्यू कागदावर सिद्ध आहेत, आणि पुष्कळ आईबापांना आपले मूल कोठे पुरले हेसुद्धा कळविले गेले नाही.

४. लाज घरात कशी शिरते?

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. शाळा बंद झाल्या म्हणजे नुकसान थांबले, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही.

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घरी परतला, तर आजीशी बोलावयास त्याच्याजवळ भाषा नव्हती. शिकार, मासेमारी, रानाची माहिती त्याला कोणी दिली नव्हती. गोऱ्यांच्या शहरात गेला, तर तेथे तो 'इंडियन'च होता. ना इकडचा, ना तिकडचा. त्यातही वाईट म्हणजे, आपले लोक घाणेरडे, आपली भाषा जंगली, आपले आईबाप अडाणी, हा विचार त्याच्या मनात इतक्या वर्षांत खोल रुजविला गेला होता. दुसऱ्याने केलेला अपमान माणूस सहन करतो, त्याविरुद्ध लढतोही. पण तो अपमान स्वतःच्याच मनात शिरून बसला, तर लढावयाचे कोणाशी?

पुढे हीच मुले आईबाप झाली. आई कशी जवळ घेते, बाप कसा समजावतो, हे त्यांनी लहानपणी पाहिलेच नव्हते. त्यांनी पाहिली होती शिस्त, घंटा आणि छडी. काहींनी तेच आपल्या मुलांना दिले. काही दारूत बुडाले. आणि हजारोंनी एक गोष्ट मायेपोटी केली : आपली भाषा मुलांना शिकविलीच नाही. मला जो मार बसला तो माझ्या लेकराला बसू नये, हा त्यामागचा विचार. शाळेने छडीने जे काम सुरू केले होते, ते आईच्या मायेनेच पुरे केले! यापेक्षा मोठी शोकांतिका कोणती?

आकडे पाहा. २०२१ च्या जनगणनेत कॅनडातील मूळ रहिवासी समाजांची लोकसंख्या १८ लाखांवर होती. त्यांपैकी स्वतःच्या मूळ भाषेत संभाषण करू शकणारे सुमारे २ लाख ३७ हजार. त्याच जनगणनेनुसार, सरकारी व्यवस्थेतून परक्या घरी सांभाळावयास दिलेल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांत निम्म्याहून अधिक मुले या समाजांतील होती. देशातील त्या वयाच्या एकूण मुलांत मात्र ती शेकडा ८ देखील नाहीत. शाळा बंद झाल्या, पण मूल घरातून उचलण्याची सवय एवढ्या सहजासहजी सुटत नाही.

५. एक शंका आणि तिचे उत्तर

येथे तुमच्या मनात एक शंका येईल, आणि ती आलीच पाहिजे. आपणही जुने देव सोडले, जुने सण सोडले, मुलांची नावे बदलली. मग आपणही आपली ओळख पुसली, असे कोणी म्हटले तर?

दोन्ही गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते मुलांना सांगता यावे, यासाठी तीन कसोट्या लक्षात ठेवा.

पहिली कसोटी, निर्णय कोणाचा? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो स्त्रीपुरुष बाबासाहेबांच्या मागे उभे राहिले, ते आपल्या पायांनी चालत आले होते. त्यामागे १९३५ च्या येवल्याच्या घोषणेपासूनचा वीस वर्षांहून अधिक काळचा विचार होता. कॅनडातील सहा-सात वर्षांच्या मुलांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांच्या आईबापांना नाही म्हणण्याची सोय नव्हती.

दुसरी कसोटी, मूल कोणाजवळ राहिले? आपल्याकडे आई, बाप, आजी, नातू सगळ्यांनी एकत्र पाऊल टाकले. मुलाला आईपासून तोडून कोणी धम्म दिला नाही. आपली मराठी, आपल्या ओव्या, आपली नाती आपल्याजवळच राहिली.

तिसरी आणि खरी कसोटी, टाकले काय? आपण टाकली ती दुसऱ्यांनी आपल्यावर लादलेली हीनता. तेथे मुलांकडून हिरावला गेला तो स्वाभिमान, आणि लादली गेली ती हीनता. दगड्या, धोंड्या, कचऱ्या अशी नावे टाकून मुलाला चांगले नाव देणारी आई, आणि मुलाचे नाव पुसून त्याला आकडा देणारी शाळा, या दोघी एका मापाने कशा मोजता येतील?

परंतु याच कसोटीवर आपणही स्वतःला घासून पाहावे. घरातील म्हातारी आजी अजून जुनी रीत पाळत असेल, तर तिला समजवावे. पण मुलांच्या देखत तिला वेडी, अडाणी म्हणून हिणवू नये. ज्या मुलाला आजीची लाज वाटू लागते, ते मूल पुढे आपल्या वस्तीची, आपल्या आडनावाची आणि शेवटी स्वतःचीही लाज बाळगू लागते. कॅनडातील शाळांनी जे केले, ते घरातल्या घरात होऊ देऊ नये.

६. त्या लोकांनी काय परत मिळविले?

हा धडा केवळ दुःखाचा नाही. हे लोक गप्प बसले नाहीत. शाळा चालू असतानाही आईबापांनी मुले लपविली, तक्रारअर्ज केले. १९७० च्या उन्हाळ्यात अल्बर्टा प्रांतातील ब्लू क्विल्स येथील निवासी शाळेत आईबापांनी आणि वस्तीच्या लोकांनी ठिय्या दिला. आमच्या मुलांची शाळा आम्हीच चालविणार, ही त्यांची मागणी होती. सरकारला ती मान्य करावी लागली. मूळ रहिवाशांच्या स्वतःच्या ताब्यात आलेली ती कॅनडातील पहिली निवासी शाळा. ज्या भिंतींच्या आत क्री बोलणे गुन्हा होता, तेथेच पुढे क्री शिकविली जाऊ लागली. त्यांनी शाळा जाळली नाही, बंदही पाडली नाही. तिची मालकी बदलली.

१९९० मध्ये फिल फोंटेन या नेत्याने आपल्यावर बालपणी शाळेत झालेल्या अत्याचाराबद्दल जाहीरपणे बोलण्याचे धैर्य दाखविले. समाजाचा एक मोठा पुढारी हे बोलला, तेव्हा कोंडून ठेवलेल्या हजारो तोंडांना वाचा फुटली. लोक न्यायालयात गेले. त्यातून मोठा समझोता झाला आणि २००७ पासून तो अमलात आला. शाळेत राहिलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षासाठी १० हजार डॉलर आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी ३ हजार डॉलर द्यावेत, असे ठरले. ११ जून २००८ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत देशाच्या वतीने क्षमा मागितली. सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला. मूळ रहिवासी समाजातलेच न्यायाधीश मरे सिंक्लेअर त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने देशभर फिरून सहा हजारांहून अधिक लोकांचे म्हणणे ऐकले. २०१५ मध्ये त्याने या प्रकाराला सांस्कृतिक वंशविच्छेद असे नाव दिले आणि सुधारणेची ९४ कलमे मांडली. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन क्षमा मागितली.

क्षमा मागितल्याने गेलेली मुले येत नाहीत, आणि ९४ कलमांपैकी पुष्कळ कामे रेंगाळली, ही टीका तेथील लोकच करतात. तरीही एक गोष्ट घडली. जे घराघरांत लाज म्हणून दडविले जात होते, ते राष्ट्राच्या दप्तरात अन्याय म्हणून लिहिले गेले. लाजेचा भार ज्याच्यावर जुलूम झाला त्याच्या खांद्यावरून उतरून जुलूम करणाराच्या खांद्यावर गेला.

फिलिस वेब्स्टॅड या सहा वर्षांच्या असताना १९७३ मध्ये आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी सदरा घालून शाळेत गेल्या. पहिल्याच दिवशी तो काढून घेतला गेला आणि पुन्हा कधी मिळाला नाही. मोठेपणी त्यांनी ही गोष्ट सांगितली. २०१३ पासून ३० सप्टेंबरला लोक नारिंगी सदरे घालून या मुलांची आठवण करू लागले, आणि २०२१ पासून तो दिवस राष्ट्रीय स्मरणदिन झाला. एका मुलीचा हिरावलेला सदरा आज तेथील शाळांतील मुले मानाने अंगावर घालतात.

७. घरी करावयाचा अभ्यास

हा पाठ एकट्याने वाचून बाजूला ठेवू नका. रविवारी सर्वांनी मिळून वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. नंतर पुढील प्रश्नांवर बोला.

१) कॅनडातील आईबापांनी शाळा मागितली होती, तरी त्यांना मिळालेल्या शाळेने त्यांचे नुकसान का केले? शिक्षण आणि अपमान यांची गाठ तेथे कशी बांधली गेली?

२) 'माझ्या लेकराला मार बसू नये' म्हणून भाषा न शिकविणाऱ्या आईला तुम्ही दोष द्याल का? तिच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?

३) तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : तुमच्या शाळेत तुम्हांला कोठे बसवीत? गुरुजी कोणत्या नावाने हाक मारीत? त्यांनी सांगितलेले वहीत तारखेसह लिहून ठेवा. लिहिले नाही ते पुढच्या पिढीला नाकारणे सोपे जाते.

४) आपल्या शेजारी, आपल्या शाळेत किंवा वसतिगृहात गोंडी, कोरकू, भिल्ली किंवा वारली बोलणारी मुले असतील, तर त्यांच्या बोलीला आपण हसतो का? आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी द्यावे.

५) तुमच्या मुलाला विचारा : तुला आपल्या घराची, आपल्या वस्तीची, आपल्या माणसांची कधी लाज वाटते का? उत्तर काहीही येवो, रागावू नका. ते कोठून आले, हे शांतपणे शोधा.